स्लेडिंगला जाताय? आधी सॅटेलाइट मेसेंजरचं ठरवा

कॅल्गरीतला पहिला हिवाळा गाडीवरचा बर्फ खरवडण्यात आणि हीटिंगचं बिल बघून दचकण्यात जातो. दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसातलं कोणीतरी विचारतं, "वीकेंडला रेव्हलस्टोकला स्लेडिंगला येतोस का?" इथे स्लेड म्हणजे स्नोमोबाइल, बर्फावर चालणारी मोटारसायकलच, आणि रेव्हलस्टोक म्हणजे आपल्या अल्बर्टाशेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं डोंगरातलं गाव. आपण सह्याद्रीत गड पालथे घातलेले, त्यामुळे नाही म्हणवत नाही. जरूर जा. पण सह्याद्रीत वाट चुकली तरी उतरत राहिलं की कुठेतरी एखादी वाडी लागते आणि तिथे चहासुद्धा मिळतो. सेलकर्क आणि मोनाशी रांगांमध्ये उतरत राहिलात तर पुढची दरी लागते. तिथे माणूस नसतो आणि मोबाइलला रेंजही नसते. गोल्डन ते रेव्हलस्टोक या हायवेवरच रॉजर्स पासच्या आसपास फोन मुका होतो, मग डोंगरावरची काय कथा!

म्हणून सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसली तरी उपग्रहामार्फत मेसेज आणि मदतीची हाक पाठवणारं छोटं यंत्र. दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की नवीन मंडळी "कोणता घेऊ?" असं विचारतात. थेट नाव सांगण्याआधी एक गैरसमज खोडायलाच हवा, कारण तो जिवावर बेतू शकतो.

सॅटेलाइट मेसेंजर आणि अ‍ॅव्हलांच ट्रान्सिव्हर या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात दोन्हींना सर्रास बीकन म्हणतात, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की एक घेतला की झालं. ट्रान्सिव्हर म्हणजे हिमलोटात गाडलेल्या माणसाला शोधायचा छोटा रेडिओ, तो ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. तुम्ही बर्फाखाली गाडले गेलात तर बाजूचा मित्र त्याच्या ट्रान्सिव्हरने तुम्हाला शोधतो, प्रोबची काठी खुपसून नेमकी जागा काढतो आणि फावड्याने उकरतो. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत व्हावं लागतं. गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण तेवढा वेळ तग धरतात, त्यानंतर मात्र जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. इथल्या कॅनेडियन आकडेवारीत तर ती युरोपपेक्षाही लवकर घसरताना दिसली आहे. मेसेंजरवरून बोलावलेलं हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. एक-दोन तासांत आलं तरी नशीब म्हणायचं. गाडलेल्या माणसाला उपग्रह वाचवत नाही, सोबतचा माणूस वाचवतो.

डिसेंबर २००८ मध्ये फर्नीजवळच्या हार्वी पासला अकरा स्लेडवाले होते. पहिल्या हिमलोटात काही जण गाडले गेले. बाकीचे त्यांना उकरायला धावले आणि दुसऱ्या लोटाने त्यांनाही घेतलं. आठ जण गेले, तिघे वाचले. जानेवारी २०१६ मध्ये मॅकब्राइडजवळ रेनशॉ भागात पाच जण गेले. हे सगळेच काही नवशिके नव्हते. तेव्हा ट्रान्सिव्हर, प्रोब, फावडं आणि अ‍ॅव्हलांच स्किल्स ट्रेनिंगचा पहिला कोर्स आधी, मेसेंजर त्यानंतर. हा कोर्स खास स्लेडवाल्यांसाठीही असतो. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर मेसेंजर पुढच्या वर्षी घ्या आणि यंदा गाइडबरोबर जा, गाइडकडे त्याची सोय असते.

मग मेसेंजर लागतो कशाला? बाकी सगळ्यासाठी, आणि हे बाकी सगळंच जास्त वेळा घडतं. स्लेडचा बेल्ट तुटतो. गुडघा पिरगळतो. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात स्लेड जाऊन बसते आणि ती काढण्यात तीन तास जातात, तोवर अंधार पडतो. इथे कोणी मरत नसतं, पण घरचा माणूस रात्री आठला पोलिसांना फोन लावायच्या बेतात असतो. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही हे यंत्र वापराल ते "उशीर होतोय, ठीक आहे" एवढंच कळवायला. म्हणूनच माझा आग्रह दुतर्फी यंत्राचा असतो, ज्यावर मेसेज जातोही आणि येतोही.

आता यंत्रं. गार्मिनचा इनरीच मिनी २ आणि झोलिओ हे दोन्ही इरिडियमच्या उपग्रहांवर चालतात. इरिडियमचे ६६ उपग्रह पृथ्वीपासून साधारण ७८० किलोमीटर उंचीवर ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात आणि मेसेज एकमेकांकडे सोपवत खाली आणतात. डोक्यावर थोडं आकाश मिळालं तरी काम होतं. स्पॉट या कंपनीची यंत्रं ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालतात. त्यात उपग्रहाला तुम्हीही दिसावे लागता आणि त्याच वेळी जमिनीवरचं केंद्रही. शिवाय ते उपग्रह ध्रुवांवरून जात नाहीत, त्यामुळे जसजसं उत्तरेला जावं तसतसे ते आकाशात खाली राहतात आणि डोंगराआड जातात. स्पॉट जेन ४ तर एकतर्फी आहे. मेसेज पोचला की नाही हे डोंगरावरच्या माणसाला कळतच नाही. स्वस्त आहे आणि साध्या ट्रिपल ए लिथियम सेलवर चालतो हे खरं, पण मी तो नवीन माणसाला सुचवत नाही.

मिनी २ आणि झोलिओ यांच्यात निवडायचं तर असं बघा. मिनी १०० ग्रॅमचा आहे आणि त्याला छोटा स्क्रीन आहे. फोन मेला तरी आलेला मेसेज वाचता येतो आणि बटणं दाबत दाबत रडतखडत का होईना, उत्तरही लिहिता येतं. झोलिओ १५० ग्रॅमचा, त्याला स्क्रीन नाही, सगळं लिहिणं-वाचणं फोनवर. पण त्याच्याबरोबर तुम्हाला स्वतंत्र नंबर मिळतो, त्यामुळे घरच्यांना साध्या टेक्स्टसारखा मेसेज पाठवता येतो. घरातल्या ज्येष्ठांना तो सोपा पडतो. मी मिनीच्या बाजूचा आहे. कारण एकच, थंडीत आधी फोन झोपतो.

"माझ्या आयफोनमध्ये आहे की सॅटेलाइट" हे आता हमखास ऐकू येतं. आहे, आयफोन १४ पासून आहे, आणि कॅनडात नोव्हेंबर २०२२ पासून चालतं. हायवेवर गाडी अडकली तर उत्तम. पण अ‍ॅपल स्वतःच फोन शून्य ते ३५ अंशांत वापरायला सांगतं, आणि रेव्हलस्टोकच्या बोल्डर माउंटनवर जानेवारीत उणे वीस काही विशेष नाही. हातमोजे काढून, फोन आकाशात उपग्रहाच्या दिशेने धरून, बोटं बधिर होत असताना प्रश्नांची उत्तरं भरायची. दुसरा पर्याय म्हणून ठेवा, भिस्त त्याच्यावर नको. मिनी उणे वीसपर्यंतचा म्हणून विकला जातो. त्यालाही अंगाजवळच ठेवावं.

वर्गणीचा वैताग नको असेल तर पीएलबी, म्हणजे फक्त संकटाचा सिग्नल पाठवणारा पर्सनल लोकेटर बीकन, हे तिसरं प्रकरण आहे. ४०६ मेगाहर्ट्झवर चालतो, महिन्याचा खर्च शून्य, बॅटरी अनेक वर्षं टिकते, कॅनडाच्या बीकन नोंदणीत नाव फुकट नोंदवायचं. ज्या यंत्रणेवर तो चालतो तिने जगात पहिली माणसं वाचवली तीसुद्धा ब्रिटिश कोलंबियातच, सप्टेंबर १९८२ मध्ये, कोसळलेल्या छोट्या विमानातली. भरवशाचा आहे, पण फक्त किंचाळतो. बेल्ट तुटल्याचं सांगता येत नाही.

घेतल्यावर तो लावायचा कुठे, याकडे लोक लक्षच देत नाहीत. स्लेडच्या हँडलवर किंवा मागच्या बॅगेत अजिबात नको. हिमलोटात स्लेड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, असंच होतं. यंत्र अंगावरच हवं. पण ट्रान्सिव्हरही अंगावरच असतो, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जवळ आल्या की ट्रान्सिव्हर गोंधळतो. नियम असा की ट्रान्सिव्हर सिग्नल पाठवत असताना बाकी यंत्रं त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर लांब, आणि शोधत असताना ५० सेंटीमीटर लांब. आपल्या मापाने साधारण एक वीत आणि एका हाताहून थोडं जास्त. तेव्हा ट्रान्सिव्हर छातीवरच्या हार्नेसमध्ये, मेसेंजर पाठीवरच्या सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या टोकाला, आणि फोन पँटच्या खिशात. जॅकेट चढवून, सॅक अडकवून आरशासमोर खरंच वीत लावून बघा. शोध घ्यायची वेळ आली तर मेसेंजर आणि फोन दोन्ही अंगावरून बाजूला करायचे, गरम होणारे बॅटरीचे हातमोजे बंद करायचे आणि आजूबाजूच्या स्लेडची इंजिनंही.

मेसेज लगेच जात नाही हेही मनाशी धरा. उघड्या माथ्यावर एक-दोन मिनिटं, पण अरुंद दरीत किंवा दाट झाडीत बराच वेळ लागू शकतो. यंत्राचा अँटेना आकाशाकडे ठेवून थांबायचं, दर अर्ध्या मिनिटाला खिशातून काढून बघायचं नाही. एसओएसच्या बटणावरचं झाकण जाड हातमोज्यांनी उघडता येतं का, हे घरच्या सोफ्यावर बसूनच तपासा. फक्त बटण दाबू नका.

आता घरच्यांचं, कारण अर्धी यंत्रणा तिथे असते. खातं उघडताना आणीबाणीचे संपर्क विचारतात, आणि आपण सवयीने आईबाबांचा पुण्याचा नंबर टाकतो. टाकू नका. एसओएस गेलं की प्रतिसाद केंद्र आधी तुमच्याशी मेसेजवर बोलतं, स्थानिक यंत्रणेला कळवतं आणि या नंबरांवर फोन करतं. हिवाळ्यात कॅल्गरीत दुपारचे तीन वाजलेले असताना पुण्यात पहाटेचे साडेतीन असतात. तिकडे बाबा दचकून उठतील, समोरची इंग्रजी बोलणारी बाई काय विचारतेय ते नीट कळणार नाही, आणि तुम्ही कोणत्या डोंगरावर, कोणाबरोबर गेलात हे त्यांना ठाऊक नसेल. इथे राहणारी, फोन उचलणारी दोन माणसं द्या. बायको किंवा नवरा आणि एक शेजारी. दोघांकडे ट्रिपचा प्लॅन लिखित ठेवा: गाडी कुठे उभी, कोण कोण, कोणता भाग, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत वाट बघून ९११ ला फोन करायचा. अ‍ॅडव्हेंचरस्मार्ट या सुरक्षा उपक्रमाचा ट्रिप प्लॅन आयता मिळतो, तोच भरा.

तसंच ट्रॅकिंगचं. नकाशावर दर दहा मिनिटांनी ठिपका पडतो हे घरच्यांना फार आवडतं, तो थांबेपर्यंत. भारतातून सासूबाई आलेल्या असतील तर त्या लॅपटॉपसमोर बसून राहतात. "अहो, जावईबापू तासाभरापासून एकाच जागी आहेत!" जावईबापू वॉर्मिंग केबिनमध्ये छपराखाली बसून पराठे खात असतात आणि छपराखाली सिग्नल जात नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवा की थांबलेला ठिपका ही बातमी नव्हे. बातमी म्हणजे ठरलेल्या वेळेला न आलेला "खाली उतरलो" हा मेसेज. असे ठरावीक मेसेज यंत्रात आधीच भरून ठेवता येतात. निघालो, उशीर होतोय पण ठीक, उतरलो. एवढे तीन पुरतात.

खरोखर एसओएस करावं लागलं तर साध्या इंग्रजीत लिहा: किती जण, कोणाला काय लागलंय, शुद्धीवर आहे का, जवळ मोकळी सपाट जागा आहे का, हवा कशी आहे. मग जागा सोडू नका. अंधारात किंवा खराब हवेत हेलिकॉप्टर येईलच असं नाही, तेव्हा रात्र काढायची तयारी सॅकमध्ये हवी.

नवीन माणसं बिलाच्या भीतीने बटण दाबायला कचरतात. ब्रिटिश कोलंबियात शोध आणि बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात आणि ती शोधाचे पैसे घेत नाहीत. वर्क परमिट किंवा पीआरशी त्याचा काही संबंध नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल मात्र वेगळं असतं. तिथल्या आरोग्य योजनेतल्या माणसाला ते ८० डॉलर येतं, अल्बर्टावाल्याला त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रांतांमधला करार अ‍ॅम्ब्युलन्सला लागू होत नाही. ऑफिसच्या विम्यात ते बसतं का हे निघण्याआधी बघा.

वर्गणी हिवाळ्यापुरती चालू ठेवून नंतर थांबवता येते, पण मी म्हणेन उन्हाळ्यातही ठेवा. लेक लुईस ते जॅस्पर या सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरच्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी रेंज नसते, आणि तिथे तर पोरंबाळं घेऊन आपण सगळेच जातो. मध्ये बंद ठेवलीत तर मोसमाच्या आधी, अंगणात उभं राहून एक मेसेज पाठवून बघा. एकदाच कोणाबरोबर तरी जायचं असेल तर विकत घेऊच नका, भाड्याने मिळतो.

आणि हे यंत्र भारतात नेऊ नका. विनापरवाना सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन बाईंना इनरीच मिनी जवळ असल्यामुळे अडवलं होतं. त्या तर तो सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये स्वतःहून ठेवत होत्या. आपली डिसेंबरची भारतवारी आणि स्लेडिंगचा मोसम एकाच वेळी येतात आणि सॅकही बहुधा तीच असते. बॅग भरताना खांद्याचा पट्टा तपासा, यंत्र काढून घरी ठेवा. त्या महिन्यात कोणा मित्राला वापरायला देणार असाल तर खात्यातले आणीबाणीचे नंबर आधी बदला, नाहीतर तो फ्रिस्बी रिजवर अडकल्याचा फोन तुम्हाला डोंबिवलीत येईल.