‘कंट्रोल’ कन्सोलवर खेळताय? या चुका टाळा

‘कंट्रोल’ हा व्हिडिओ गेम अर्ध्यावर सोडून दिलेल्या लोकांशी बोलून पाहा. बहुतेकांची तक्रार सारखीच असते: सारखं मरायला होतं, पुढे जाताच येत नाही. फिनलंडच्या रेमेडी कंपनीने हा गेम २०१९ साली आणला. न्यूयॉर्कमधल्या ‘ओल्डेस्ट हाउस’ या गूढ सरकारी इमारतीत जेसी फेडन आपल्या भावाच्या शोधात येते आणि पाहते तर तिथल्या माणसांना ‘हिस’ नावाच्या अमानवी शक्तीने झपाटलेलं असतं. गेम सोपा नाहीच. पण तो अवघड होतो तो मुख्यतः एका सवयीमुळे, आणि ती सवय आपण दुसऱ्या गेममधून घेऊन आलेलो असतो.

ती सवय म्हणजे लपणं. गोळ्या लागल्या की खांबामागे जायचं, थोडं थांबायचं, हेल्थ, म्हणजे उरलेला जीव, भरली की बाहेर यायचं. इथे लपून बसलात तर हेल्थ भरत नाही. शत्रू पडला की त्याच्याजवळ चमकणारे तुकडे सांडतात. ते गोळा केले की हेल्थ वाढते, आणि ते पडलेले असतात मोकळ्या जागेत, शत्रूच्या बाजूला. म्हणजे जीव वाचवायचा तर पुढेच जावं लागतं. हेल्थची पट्टी लाल झाली की मागे पळू नका. जवळचा एखादा कमजोर शत्रू गाठा, त्याला पाडा, तुकडे उचला आणि मग आडोसा शोधा. एवढा एक बदल केलात तरी लढाया वेगळ्या वाटायला लागतील.

दुसरी चूक याच्याच जोडीची: सगळं काम बंदुकीवर ढकलणं. जेसीच्या सर्व्हिस वेपनला गोळ्या शोधाव्या लागत नाहीत, त्या आपोआप भरतात. पण भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं नसतं. त्या वेळात ‘लाँच’ वापरायचं, म्हणजे आसपासची खुर्ची, टेबल, जे काही असेल ते मनाच्या जोरावर उचलून फेकायचं. जवळ काहीच नसलं तर जेसी भिंतीचा किंवा जमिनीचा तुकडा उपटून घेते, त्यामुळे बटण दाबून धरायला कचरू नका. फेकून फेकून एनर्जी, म्हणजे शक्ती वापरायची ताकद, संपते तोवर बंदूक भरलेली असते, बंदूक रिकामी होते तोवर एनर्जी परत येते. ही लय हाताला बसली की गेमची खरी मजा कळते. मिशनमधून मिळणारे अबिलिटी पॉइंट सगळीकडे थोडेथोडे वाटू नका. आधी लाँचची ताकद, मग हेल्थ आणि एनर्जी. लाँच पुरेसं वाढवलं की शत्रूने टाकलेले ग्रेनेडसुद्धा हवेत पकडून परत फेकता येतात.

लढाईत एखादा तरंगता गोळा दिसला तर बाकी सगळं सोडून आधी तो फोडा. तो इतर शत्रूंना बरं करत असतो, आणि तो शाबूत असेपर्यंत तुमची मेहनत पाण्यात जाते.

साइड मिशन, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामं, ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका. शील्ड (ढाल) आणि इव्हेड (झटकन बाजूला सरकणं) या दोन शक्ती साइड मिशनमधूनच मिळतात, आणि त्यांच्याशिवाय पुढचे बॉस, म्हणजे मोठे शत्रू, विनाकारण जड जातात. याउलट, मध्येच घड्याळ लावून येणारे ‘ब्युरो अलर्ट’ सोडून दिलेत तरी कथेचं काही अडत नाही. त्यांच्यामागे धावत आहे ते मिशन अर्धवट टाकू नका.

नकाशाबद्दलची नाराजी मात्र रास्त आहे. एकावर एक मजले असल्यामुळे तो पटकन कळत नाही. पण दादरच्या पुलावर आपण नकाशा काढून चालत नाही, पाट्या वाचत जातो. इथेही तेच करा. भिंतींवर विभागांची नावं ठळक लिहिलेली आहेत. नवीन भागात शिरलात की सर्वांत आधी तिथला कंट्रोल पॉइंट शत्रूंच्या ताब्यातून मोकळा करा. मेल्यावर तुम्ही शेवटच्या कंट्रोल पॉइंटवर परत येता आणि जमवलेल्या ‘सोर्स’चा, म्हणजे गेममधल्या चलनाचा, काही भाग गमावता. हवं तिथे सेव्ह करायची सोय नाही. म्हणून बॉसशी भिडण्याआधी जमलेला सोर्स अपग्रेडवर खर्च करून टाका.

आता आपल्या मुंबईच्या घरातल्या गोष्टी. टीव्ही हॉलमध्ये एकच असतो. आठ वाजता मालिका लागणार म्हणून लढाईच्या मध्येच गेम बंद करावा लागतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर मागच्या कंट्रोल पॉइंटपासून चालत यावं लागतं. पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमध्ये ठेवा, गेम होता तिथेच थांबतो. मात्र रात्री झोपताना सगळी बटणं बंद करायची आईबाबांची सवय असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा: नारिंगी दिवा दिसतोय तोवर भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. कन्सोल शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. पीएस५ साठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलेलं आहे, आणि मे महिन्यात काचेमागच्या कप्प्यात ते सहज ओलांडलं जातं. पंखा घरघरायला लागला तर झडपांवरची धूळ काढा. टीव्हीचा गेम मोड सुरू करा, नाहीतर बटण दाबल्यावर जेसी उशिरा हलते आणि चूक आपलीच वाटते. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर परफॉर्मन्स मोड निवडा. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दिसतात तेव्हा नेम धरणं, चुकवणं सगळंच सोपं जातं. रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाश आणि प्रतिबिंबं खरी भासवणारा, ग्राफिक्स मोड सुंदर आहे, पण तो ३० फ्रेमवर चालतो. तो इमारत निवांत पाहताना लावा.

ग्रँट रोडला किंवा ओळखीतून जुनी डिस्क घेत असाल तर कव्हर नीट वाचा. साध्या पीएस४ आवृत्तीवर पीएस५ची आवृत्ती मिळत नाही, त्यासाठी अल्टिमेट एडिशन लागते. ‘द फाउंडेशन’ आणि ‘एडब्ल्यूई’ हे दोन्ही जादा भागही तिच्यात येतात. पीएस४वरचं सेव्ह पीएस५च्या आवृत्तीत नेता येत नाही, त्यामुळे बरंच खेळून झालं असेल तर ते जुन्या आवृत्तीतच संपवा.

एवढं करूनही एखादी लढाई अडलीच, तर सेटिंगमध्ये असिस्ट मोड आहे. नेमाला मदत, एनर्जी लवकर भरणं, अगदी न मरण्याचीही सोय त्यात आहे. हवं तेवढंच सुरू करा, लढाई झाली की बंद करा. कथेसाठी खेळणाऱ्याने ते वापरण्यात काहीही कमीपणा नाही.