डेकला स्टेन लावण्याआधी: पावसाळ्यानंतरची तयारी

गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या लाकडी डेकला (फळ्यांच्या ओट्याला) स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारं रंगीत तेल, आणि सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, लावणं हे एका सकाळचं काम आहे. त्याआधीची तयारी मात्र सहज आठ-दहा दिवस घेते, आणि तिच्यात कसर ठेवली की पुढच्या पावसात पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून ही यादी ब्रश हातात घेण्याआधीची. पुण्या-नाशिककडची हवा आणि सागाच्या किंवा पाइनच्या फळ्या डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

पहिली गोष्ट मुहूर्त. पाऊस थांबला, दिवाळी तोंडावर आली की ‘पाहुणे यायच्या आत डेक करून टाकू’ असं प्रत्येक घरात निघतं. थांबा. चार महिने भिजलेलं लाकूड वरून आठवड्यात कोरडं दिसतं, पण आत ओल असते, आणि ओल्या लाकडात तेल शिरत नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. त्याच्या दोन सुया फळीत रोवल्यावर आकडा १५ टक्क्यांच्या आत आला तरच पुढे जायचं. यंत्र नसेल तर फळीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. थेंब मिनिटाभरात जिरले तर लाकूड प्यायला तयार आहे. थेंब मण्यांसारखे वर उभे राहिले तर जुन्या सीलरचा थर अजून शिल्लक आहे किंवा लाकूडच ओलं आहे. देशावर नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये फळी इतकी तापते की तेल आत जाण्याआधीच वर सुकतं, शिवाय वळवाचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. कोकणात हवेतच दमटपणा, त्यामुळे तिथे जानेवारी-फेब्रुवारीतले कोरडे दिवसच धरा.

मुहूर्त ठरला की डेकखाली डोकवा. फळ्या धरून ठेवणारा खालचा सांगाडा सगळ्यांत आधी कुजतो आणि सगळ्यांत शेवटी दिसतो. पेचकसाचं टोक आडव्या पट्ट्यांवर आणि फळ्यांच्या टोकांवर दाबून बघा. लोण्यात गेल्यासारखं आत शिरलं तर ती फळी बदलायची, तिच्यावर तेल वाया घालवायचं नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. आधी तिचा बंदोबस्त करा. गच्चीवरचा डेक असेल तर स्लॅबवरचं पाणी जायचं तोंड पानांनी आणि मातीने बुजलेलं नाही ना, हेही याच वेळी बघा. दोन फळ्यांमधल्या फटी पुट्टीच्या पत्तीने उकरून काढा. तिथे अडकलेला कचरा ओल धरून ठेवतो आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. वर आलेले स्क्रू आत बसवा. गंजलेले काढून स्टेनलेस स्टीलचे लावा. सागात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाला आणि पाण्याला भेटलं की काळे डाग पडतात. स्क्रूभोवतीचं ते काळं वर्तुळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. याच कारणाने डेकवर लोखंडी घासणी किंवा तारेचा ब्रश कधीही चालवू नये. त्याचे सुटलेले कण फळीत रुततात आणि पहिल्याच पावसात काळे ठिपके उठतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी जुन्या वाड्याचं सागवान आणून डेक केलेला असतो. लाकूड अस्सल, पण त्याच्यावर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर जपून. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. तो ओला ठेवून खरवडायचा आणि खरवड गोळा करून वेगळी बांधायची.

आता काय लावायचं ते. माझं मत पक्कं आहे: उघड्यावरच्या फळीला चकचकीत थर देऊ नका. घरातल्या कपाटाचं मेलामाइन किंवा घरातल्यासाठीचं पीयू पॉलिश दुकानदार सुचवेल, पहिल्या दिवशी ते देखणंही दिसेल. पण लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि वरचा कडक थर ती हालचाल सोसू शकत नाही. त्याला चीर गेली की पाणी आत घुसतं, आतच राहतं, आणि मग सगळा थर घासून काढण्यावाचून गत्यंतर नसतं. आत मुरणारं, थोडा रंग असलेलं, बाहेरच्या वापरासाठी बनवलेलं तेल-स्टेन घ्या. रंग हवाच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी राखाडी पडते. रंगाचे कण ती किरणं अडवतात. नुसतं पारदर्शक तेल फारसं अडवत नाही. मुरणारं स्टेन फिकं पडलं तर धुवायचं आणि पुन्हा एक हात द्यायचा, घासकाम जवळजवळ नाही.

डबल बॉइल्ड जवसाचं तेल स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, पण दमट हवेत नुसत्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी चढते, म्हणून कोकणात तरी ते एकटं वापरू नये. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि लाकडाला लावायची तिथली जुनी रीत आहे आणि वाळवी दूर ठेवायला ती उपयोगी आहे. पण ते तेल कातडी भाजतं. जिथे अनवाणी पाय पडणार तिथे नको.

माप आधी घ्या. १० बाय १२ फुटांचा डेक म्हणजे १२० चौरस फूट. जुनं, कोरडं लाकूड भरपूर पितं, तेव्हा दोन हातांना चार ते पाच लिटर धरा. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि वापरण्याआधी एका बादलीत एकत्र करा, नाहीतर अर्धा डेक एका छटेचा आणि अर्धा दुसऱ्या. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत बरंचसं सामान होतं: चार इंची ब्रश, ६० आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, नायलॉनचा दांडीचा ब्रश, रबरी हातमोजे, चष्मा, धुळीचा मास्क, मास्किंग टेप, सुती चिंध्यांचा गठ्ठा आणि ऑक्झॅलिक ॲसिड.

धुण्याच्या दिवशी कुंड्या, खुर्च्या, पायपुसणी सगळं हलवा. हिरवं शेवाळं आणि काळपटपणा ऑक्सिजन ब्लीचने, म्हणजे सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्याने निघतो. ओतायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, फळीच्या रेषेच्या दिशेने घासायचं. बाथरूममधलं क्लोरीनवालं ब्लीच वापरू नका, ते लाकडाचे तंतू खातं; आणि ते चुकून ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. परकार्बोनेटने साग काळवंडतो. घाबरू नका. नीट धुऊन घेतल्यावर लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ७०-८० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ओल्या फळीवर पसरा. दहा मिनिटांत लोखंडाचे काळे डाग डोळ्यांदेखत विरतात आणि आतला मधाळ रंग वर येतो. मग भरपूर पाण्याने धुवा. हे द्रावण विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, मुलं-जनावरं लांब ठेवा, पाणी रोपांच्या मुळाशी जाऊ देऊ नका. प्रेशर वॉशर असेल तर नळी लांब धरा, जवळून मारलेल्या झोताने फळीवर लव उठते.

धुतल्यावर निदान तीन कोरडे दिवस जाऊ द्या आणि ओलावा पुन्हा मोजा. मग घासकाम: ६० नंबरने सुरुवात, ८० वर थांबायचं. फर्निचरच्या सवयीने २२० पर्यंत जाऊ नका, फळी इतकी गुळगुळीत होते की तेलाला आत वाट राहत नाही. सागाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, मास्क काढू नका. धूळ झाडून घ्या. साग स्वतःच तेलकट असतो, म्हणून शेवटी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने फळ्या पुसून घ्या. पाइनला याची गरज नाही.

आडोशातल्या एका फळीवर आदल्या दिवशी नमुना लावून बघा. डब्यावरचा रंग आणि तुमच्या लाकडावरचा रंग एक नसतो. पुढचे दोन दिवस पाऊस नाही याची खात्री करा. थंडीत सकाळी दव असतं, ते पूर्ण वाळू द्या आणि सावली जिकडे सरकेल तिकडे तुम्हीही सरका. फळी इतकीच गरम हवी की तिच्यावर तळहात सहज टेकवता आला पाहिजे. फळ्यांची आडवी कापलेली टोकं सगळ्यांत जास्त पाणी ओढतात, म्हणून पहिला ब्रश त्यांच्यावर. मग एका वेळी दोन-तीन फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मध्येच थांबलं की जोडाचा पट्टा दिसतो. पंधरा-वीस मिनिटांत जे तेल आत गेलं नाही ते फडक्याने टिपून घ्या. तसंच सोडलं तर ते महिनाभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर वाचा, काही तेलांना पहिला हात ओला असतानाच दुसरा लागतो.

एक बादली पाणी मात्र सुरुवातीपासून शेजारी भरलेली हवी. जवसाच्या तेलात भिजलेले, बोळे करून टाकलेले फडके सुकताना आपोआप तापतात आणि ठिणगीशिवाय पेट घेतात. ही ऐकीव गोष्ट नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सुटते आणि बोळ्यात ती कोंडते. वापरून झालेला प्रत्येक फडका लगेच पाण्यात टाका, नंतर घराबाहेर एकेक सुटा पसरून वाळवा आणि पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात द्या. डेकवर निदान ४८ तास कुणी चालायचं नाही. कुंड्या आठवड्याने आणि पायवाल्या स्टँडवरच ठेवा; थेट फळीवर ठेवलेल्या कुंडीखाली ओल साठते आणि नवा स्टेन तिथूनच काळा पडायला लागतो.