जुन्या गाडीचे दिवे: बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा

एका पावसाळ्यात आमच्या जुन्या मारुती ८०० मध्ये विचित्र प्रकार सुरू झाला. ब्रेक दाबला की ब्रेक लाइट मंद लागायचा आणि त्याच बाजूचा इंडिकेटरही मिणमिणायचा. बल्ब बदलले, होल्डर बदलला, शेवटी एकाने अख्खं वायरिंग बदलायला सांगितलं. दोष निघाला एका स्क्रूखाली. डिकीतलं मॅटिंग उचललं, तर मागच्या दिव्यांची अर्थ (करंट परत नेणारी) वायर जिथे पत्र्याला कसली होती तिथे गंजाचा थर. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरला नवं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) लावलं, कसून वर व्हॅसलीन फासलं. अर्ध्या तासात दोन्ही दिवे नीट.

गाडीत बॅटरीच्या मायनसचं काम गाडीचा पत्राच करतो. तो रस्ता बंद झाला की ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो. म्हणून एक दिवा लावल्यावर भलताच दिवा लागला, तर पहिला संशय अर्थचाच घ्या. खात्री करणं सोपं आहे: वायरच्या तुकड्याचं एक टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरं टोक स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला धरा. दिवे सुधारले तर बल्बवर पैसे घालवू नका.

मल्टिमीटर वापरणारेही एका ठिकाणी हमखास फसतात. बल्ब काढून होल्डरवर मोजतात, १२ व्होल्ट दिसतात आणि ‘करंट येतोय’ म्हणून मोकळे होतात. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ च दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. बल्ब जोडून, दिवा चालू ठेवून मोजा.

हेडलाइट पिवळट पडले की बहुतेक जण ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० चा बसवतात. ही चूक सगळ्यात महागात पडते. मूळ बल्ब अप्परवर (हाय बीमवर) साधारण ५ अँपिअर घेतो, मोठा ८ च्या वर. दोन दिव्यांचा हा भार वीस वर्षं जुन्या स्विचवर आणि बारीक वायरवर पडतो, आणि होल्डर वितळतो. मी काढलेल्या अशा एका होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन बल्बच्या पिनांना चिकटलं होतं. मुळात व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ आणि बल्बच्या पिनांवर १२ दिसत असतील, तर मधले २ व्होल्ट कनेक्टर, स्विच आणि वायर खात आहेत. बॅटरीवरून जाड वायर, तिला स्वतंत्र फ्यूज आणि रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारी डबी) असं काम करून घ्या. जुनाच ६०/५५ चा बल्ब पांढराशुभ्र लागतो. तो बसवताना काचेला बोट लावू नका, तेलकट डागापाशी काच तापून फुटू शकते.

इंडिकेटरला एलईडी बल्ब लावल्यावर तो भरभर मिचकतो, त्यात बिघाड नाही. भार कमी झाल्याने फ्लॅशरला (इंडिकेटर मिचकवणाऱ्या डबीला) बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडीसाठीचा फ्लॅशर मिळतो.

आता फ्यूज. लाल १० अँपिअरचा उडाला म्हणून पिवळा २० चा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, म्हणजे आग लागायची सोय करणं. फ्यूजऐवजी वायरच तापते. आपण शॉर्ट, म्हणजे सोललेली वायर पत्र्याला टेकलेली जागा, शोधायचा. त्या लाइनचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल, आणि इतक्या करंटवर वायर जळत नाही. मग वायरिंग हळूहळू हलवत चला. डिकीची बिजागरी, दरवाज्याचं रबर, बंपरमागचा पत्र्याचा काठ, घासली जाते ती इथेच. जिथे हात लावल्यावर बल्ब विझतो, तिथली टेप सोडवा. सोललेली वायर तिथेच सापडते.