‘काउंटडाउन’मधला स्पर्धक खरंच किती चांगला खेळला, हे वहीत कसं मांडायचं?

‘काउंटडाउन’ हा टीव्हीवरचा शब्दखेळ पाहताना गुण टिपायच्या आत्याच्या लाँग बुकात एका स्पर्धकासमोर शून्य लिहिलेलं होतं आणि ते तिला पटत नव्हतं. "काहून रे, आठ अक्षरांचा शब्द आला होता नं त्याला? मंग शून्य कसा?" समोरच्या बाईंनी नऊ अक्षरांचा शब्द काढला होता. या खेळात त्या फेरीत जो पुढे, त्यालाच गुण. नियमाने शून्य बरोबरच होता, पण आत्याची तक्रारही खोटी नव्हती. आठ अक्षरांचा शब्द अर्ध्या मिनिटात काढणारा माणूस आणि ढिम्म बसून राहिलेला माणूस, दोघांसमोर शून्यच कसा काय?

आमची वही तिथून बदलली. त्याआधी आम्ही सलग आठ भाग नुसती शेवटची बेरीज लिहून काढले होते आणि त्यातून कुणाबद्दल काहीच कळत नव्हतं.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: ‘काउंटडाउन’ हा ब्रिटनमधल्या ‘चॅनेल फोर’वरचा शब्द आणि आकड्यांचा खेळ. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ती वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावर दिसलेला पहिला कार्यक्रम हाच. मूळ कल्पना फ्रेंच दूरदर्शनवरची. आपल्याकडच्या वाहिन्यांवर तो लागत नाही, त्यामुळे नागपुरात बसून पाहायचा तर इंटरनेटवर मिळतील ते भाग पाहायचे. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच आमचं दुसरं काही होतही नाही.

‘केबीसी’ पाहायची सवय असलेल्यांना इथे थोडं जड जातं. तिथे उत्तर एकच असतं आणि स्पर्धक किती रकमेपर्यंत पोचला यावर सगळं कळतं. इथे उत्तर बांधलेलं नसतं. समोर आलेल्या त्याच नऊ इंग्रजी अक्षरांतून कुणी पाच अक्षरांचा शब्द काढतो, कुणी आठचा. म्हणूनच नोंद ठेवण्यात मजा आहे.

आधी नियम, गरजेपुरते

एका भागात १५ फेऱ्या: १० अक्षरांच्या, ४ आकड्यांच्या आणि शेवटी एक कनन्ड्रम, म्हणजे नऊ अक्षरांचा विस्कटलेला शब्द. प्रत्येक फेरीला घड्याळ ३० सेकंदांचं. अक्षरांच्या फेरीत शब्द जितक्या अक्षरांचा तितके गुण, फक्त नऊ अक्षरांच्या शब्दाला दुप्पट, म्हणजे १८. आकड्यांत नेमकं उत्तर आलं तर १०, पाचपर्यंत चुकलं तर ७, सहा ते दहाने चुकलं तर ५. कनन्ड्रमचे १०. बरोबरी झाली तर दोघांनाही गुण मिळतात.

जिंकलेला स्पर्धक पुढच्या भागात परत येतो. सलग आठ भाग जिंकले की त्याला सन्मानाने निवृत्त करतात. अशाला तिथे ‘ऑक्टोचँप’ म्हणतात.

वही आखा

आडवी फुलस्केप वही घ्या. मोबाईलवरच्या तक्त्यात लिहिता लिहिता ३० सेकंद कधी संपतात कळत नाही, असा आमचा अनुभव. एका भागाला एक पान. डावीकडे फेरीचा क्रमांक आणि पुढे पाच रकाने: मागणी, सांगितलं, मिळालं, शक्य होतं, शेरा. ज्याचा माग घ्यायचा त्या एकाच स्पर्धकाचे हे रकाने. दोघांचे लिहायला गेलात तर दोघांचेही अर्धे राहतात. प्रतिस्पर्ध्याने काय सांगितलं ते शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं की पुरतं.

यातला ‘सांगितलं’ आणि ‘मिळालं’ यांतला फरक म्हणजेच आत्याचा शून्य. स्पर्धकाने शब्दकोशात बसणारा आठ अक्षरांचा शब्द सांगितला तर ‘सांगितलं’मध्ये ८, मग समोरच्याने नऊचा काढून ‘मिळालं’मध्ये शून्य आला तरी हरकत नाही. शब्द शब्दकोशात नसेल तर मात्र दोन्हीकडे शून्य आणि शेऱ्यात फुली.

एक सूचना: भाग लावण्याआधी शीर्षक आणि खालचा मजकूर वाचू नका. निकाल बऱ्याचदा तिथेच लिहिलेला असतो.

अक्षरांची फेरी

स्पर्धक एकेक करून स्वर किंवा व्यंजन मागतो. नऊपैकी निदान तीन स्वर आणि चार व्यंजनं असलीच पाहिजेत, त्यामुळे स्वर तीन, चार किंवा पाच एवढीच मोकळीक. ‘मागणी’च्या रकान्यात स्वरांचा आकडा लिहा. दोघं आळीपाळीने मागतात, तेव्हा आपल्या स्पर्धकाने स्वतः मागितलेल्या फेऱ्यांना गोल करा. चार-पाच भागांनंतर त्याची सवय दिसायला लागते. काही जण डोळे मिटून चार स्वर घेतात. काही जण सातव्या अक्षरापर्यंत थांबून, हातात काय आलंय ते बघून ठरवतात. हे दुसरे मला जास्त आवडतात.

आता ‘शक्य होतं’. आम्ही घरी सरावासाठी लावलेली ही अक्षरं घ्या: एस, डी, ओ, जी, ए, एन, आर, ई, आय. भाच्याने ‘गार्डन्स’ काढला, सात. मला ‘रीडिंग्ज’ दिसला, आठ. दोघंही खूश. मग आत्या चहा गाळता गाळता स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऑर्गनाइज्ड." नऊच्या नऊ अक्षरं. आम्ही वाद घातला की त्यात झेड येतो. पण ब्रिटिश पद्धतीने एस चालतो आणि खेळ ब्रिटिशांचा. १८ गुण तिचे. म्हणजे या फेरीत ‘शक्य होतं’ १८, सात किंवा आठ नव्हे.

खऱ्या भागात ही माहिती ‘डिक्शनरी कॉर्नर’मधून, म्हणजे शब्द तपासणाऱ्यांच्या टेबलावरून मिळते. तिथे १९९२ पासून शब्दकोशकार सूझी डेंट बसतात. स्पर्धकांचे शब्द झाले की त्या आणि शेजारचा पाहुणा याहून मोठा काही सापडला असेल तर सांगतात. तो शब्द ऐकूनच रकाना भरा. खात्री करायची असेल तर भाग संपल्यावर अक्षरं टाकून शब्द शोधून देणारी साधनं इंटरनेटवर आहेत, पण फेरी चालू असताना त्यांना हात लावायचा नाही.

शेऱ्यात एक गोष्ट आवर्जून टिपा: स्पर्धक आकडा कसा सांगतो. ज्याने अक्षरं मागितली तो आधी सांगतो. त्याने सात म्हटलं की दुसऱ्याला कळतं, आता जपून सात म्हणायचं की शंका असलेला आठचा शब्द रेटायचा. "रिस्की एट" म्हणणारा स्पर्धक आणि मुकाट सात म्हणून बसणारा स्पर्धक यांची जातकुळीच वेगळी. आम्ही रिस्कला ‘र’ लिहितो. एका भागात तीन ‘र’ आणि तीनही बरोबर दिसले तर तो माणूस जुगारी नाही, त्याला शब्दकोश पाठ आहे असं समजा.

जाता जाता: हाच खेळ मराठीत बसवायचा प्रयत्न आम्ही एकदा केला. पहिल्याच फेरीत ‘स्त्री’ हा शब्द एक अक्षर की चार, यावर अडकलो. शब्दकोड्यात त्याला एकच चौकोन मिळतो, पण हातात सुटे सुटे स, त, र आणि ई आले तर? त्या संध्याकाळी खेळ झाला नाही, भांडण झालं.

आकड्यांची फेरी

माझ्या मते स्पर्धकाची खरी परीक्षा इथे होते. एकूण २४ आकडे: मोठे चार (२५, ५०, ७५, १००) आणि लहान वीस (१ ते १०, प्रत्येकी दोनदा). त्यांतून सहा घ्यायचे, मोठे किती ते स्पर्धकाने सांगायचं. मग तीन आकडी एक लक्ष्य येतं. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा, सगळे वापरायलाच हवेत असं नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात, मात्र मध्ये कुठेही अपूर्णांक किंवा ऋण संख्या यायला नको.

एक उदाहरण सावकाश पाहू. आकडे ७५, ५०, ८, ७, ३, २ आणि लक्ष्य ८१२.

बहुतेक लोक आधी ७५ आणि ५० मिळवून १२५ करतात. त्यातून ८ वजा, ११७. गुणिले ७, ८१९. सातने चुकलं, म्हणजे ५ गुण. इथेच थांबणारा स्पर्धक बेताचा. त्याच्या पुढचा उरलेल्या ३ आणि २ चा गुणाकार करून ६ वजा करतो, ८१३. एकानेच चुकलं, ७ गुण. तिसरा स्पर्धक उलटीकडून येतो: ८१२ ला ७ ने भाग जातो, ११६ येतात. मग १२५ मधून ९ घालवायचे आहेत. ८ आणि ३ मिळवून ११, वजा २, झाले नऊ. १२५ वजा ९ म्हणजे ११६, गुणिले ७, नेमके ८१२. पूर्ण १०.

तीन माणसं, तीच सुरुवात, पण डोकं चालवायची दिशा वेगळी. म्हणून आकड्यांच्या फेरीत शेऱ्यात नुसतं ‘७’ लिहू नका, त्याने सांगितलेली रीत लिहा. लक्ष्याकडून मागे येतो की आकड्यांपासून पुढे जातो, हे दोन-तीन भागांत स्पष्ट होतं.

‘मागणी’त मोठे आकडे किती मागितले ते लिहा. एक मोठा, पाच लहान ही सावध मागणी. चारही मोठे मागणाऱ्याकडे बहुधा तयारी असते. १९९७ मध्ये एका स्पर्धकाने २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६ यांतून ९५२ काढले होते. १०० आणि ६ मिळवून १०६, गुणिले ३ म्हणजे ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३,८५०, त्यातून ५० वजा आणि २५ ने भागलं. इतक्या वर जाऊन बरोबर जागी उतरणं! कागदावर एकदा स्वतः करून बघा.

सगळे सहा लहान घेतले आणि लक्ष्य मोठं आलं तर कधी कधी नेमकं उत्तर निघतच नाही. तेव्हा ‘शक्य होतं’मध्ये डोळे झाकून १० लिहू नका, ७ किंवा ५ लिहा. स्पर्धकांना जमलं नाही तर २००९ पासून कार्यक्रमातली गणितं सांभाळणाऱ्या रेचल राइली फळ्यावर करून दाखवतात. त्यांनाही नाही जमलं तर समजून जा.

कनन्ड्रम

आधी बझर दाबेल त्याला संधी, प्रत्येकाला एकच. प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्याच सेकंदाला बरोबर उत्तर दिलं तर आपल्या स्पर्धकाला कोडं नीट वाचायलाही मिळालेलं नसतं. अशा वेळी ‘सांगितलं’ आणि ‘शक्य होतं’ दोन्हीत आडवी रेघ मारा. ती फेरी हिशेबात धरायची नाही. त्याने सोडवलं असेल तर किती सेकंदांत, ते शेऱ्यात. एवढंच. एका कनन्ड्रमवरून कुणाला हुशार किंवा मठ्ठ ठरवू नका. गुणांतला फरक दहा किंवा त्याहून कमी असेल तर मात्र ते निर्णायक ठरतं आणि तेव्हा बझरवरचा हात थरथरतो का, हे पाहण्यासारखं असतं.

बेरीज

भाग संपला की तीन रकान्यांच्या तीन बेरजा. समजा ‘मिळालं’ ९४, ‘सांगितलं’ १०९, ‘शक्य होतं’ १२८. प्रतिस्पर्ध्याने दोन फेऱ्यांत एकेक अक्षर जास्त काढलं आणि आपल्या माणसाचे आठ आणि सात असे १५ गुण गेले. ‘सांगितलं’ भागिले ‘शक्य होतं’, साधारण ८५ टक्के. दुसऱ्या एखाद्या भागात कुणी १०१ गुण घेतले, पण समोरचा कच्चा असल्याने त्याचं काही बुडालं नाही, ‘सांगितलं’ही १०१च, आणि ‘शक्य होतं’ १३९ होतं. १०१ भागिले १३९, ७३ टक्क्यांच्या आत. फलकावर १०१ वाला मोठा, वहीत ९४ वाला.

आठ भागांची टक्केवारी एका ओळीत लिहा. घसरण दिसली तर लगेच नावं ठेवू नका. या कार्यक्रमाचे अनेक भाग एकाच दिवशी चित्रित होतात. जिंकलेला स्पर्धक कपडे बदलून पुन्हा त्याच खुर्चीत बसतो, आपल्याला मात्र तो दुसरा दिवस वाटतो.

आणि सामना हातात आल्यावरही चांगले स्पर्धक ढिले पडत नाहीत, हे वहीत शेवटच्या चार फेऱ्यांत दिसतं. त्याला कारण आहे. मोसमाच्या अंतिम फेऱ्यांसाठीची क्रमवारी आधी विजयांवर आणि मग एकूण गुणांवर लागते. त्यामुळे ५० ने पुढे असलेला माणूसही सहाऐवजी सातचा शब्द शोधत बसतो.

सोबत स्वतःचा रकाना ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. नियम एकच, घड्याळ थांबायच्या आत लिहिलेलंच धरायचं. आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात एका आकड्यांच्या फेरीत अकराव्या सेकंदाला लाईट गेली. कूलर थांबला, वायफाय गेलं, पडद्यावर घड्याळ अर्ध्यावर अडकलं. लाईट आली चाळीस मिनिटांनी. तोवर आत्याने नेमकं उत्तर काढून ठेवलं होतं. तिच्या रकान्यात १० लिहिलेले आहेत, त्याला गोल केलेला आहे आणि शेऱ्यात फक्त एवढंच: "घड्याळ बंद होतं."