सबनेटचे गणित हाताने कसे सोडवावे

आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक, हा मुळात ३२ बिटांचा (० किंवा १ अशा ३२ खुणांचा) एकच आकडा असून, वाचायला सोपा जावा म्हणून तो आठ-आठ बिटांच्या चार गटांत, मध्ये टिंबे देऊन लिहितात. समजा, १९२.१६८.१०.७७/२६ असा पत्ता समोर आला, तर तिरक्या रेघेपुढचा २६ सांगतो की पहिले २६ बिट नेटवर्कचे आहेत आणि उरलेले ६ यंत्रांसाठी मोकळे आहेत. सहा बिटांत २ चा सहावा घात, म्हणजे ६४ पत्ते मावतात. त्यामुळे शेवटच्या गटात सबनेट, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग, ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. ७७ हा ६४ आणि १२८ यांच्यामध्ये पडतो, म्हणून नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१०.६४ आणि ब्रॉडकास्टचा, म्हणजे सबनेटमधल्या सगळ्या यंत्रांना एकदम संदेश पाठवण्याचा, १९२.१६८.१०.१२७ ठरतो. हे दोन्ही पत्ते यंत्रांना देता येत नाहीत, तेव्हा ६५ ते १२६ असे ६२ पत्तेच हाती उरतात. त्यांतलाही एक राउटरला लागतो, हे मोजताना हमखास विसरले जाते.

मास्कचा, म्हणजे पत्त्यातले कोणते बिट नेटवर्कचे हे दाखवणाऱ्या आकड्याचा, शेवटचा गट काढण्यासाठी २५६ मधून ६४ वजा करावेत, म्हणजे २५५.२५५.२५५.१९२ मिळतो. हे सारे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, एकदा तरी कागदावर मांडून पाहावे. नुसता तक्ता पाठ केलेला माणूस /२० समोर आला की अडखळतो, कारण तिथे सीमा तिसऱ्या गटात, १६-१६ च्या टप्प्यांनी पडते.