ब्रोमिनयुक्त अग्निरोधकं घरातून कमी कशी करावीत

टीव्हीची मागची बाजू एकदा ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर येणारा करडा थर म्हणजे नुसती माती नव्हे. टीव्हीचं कवच, सोफ्यातला फोम, वायरींचं आवरण यांनी चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यांत ब्रोमिनयुक्त रसायनं घालत आले आहेत. त्यांतला पीबीडीई (पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर) हा गट प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मिसळलेला असतो. म्हणून तो वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो आणि धुळीला चिकटतो. लवकर विघटत नाही, चरबीत साठत जातो. लवकर न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने पीबीडीईचे पेंटा आणि ऑक्टा हे प्रकार 2009 मध्ये बंदीच्या यादीत घातले, डेका हा प्रकार 2017 मध्ये. पण बंदी आली तरी जुना सोफा घरातच असतो!

तेव्हा आधी फोम तपासा. पेंटा मुख्यतः पॉलियुरेथेन फोममध्ये वापरत, त्यामुळे 2005 च्या आधीच्या गाद्या-उशांवर संशय घ्यायला हरकत नाही. चेन उघडून फोम बोटांनी दाबा. पिवळट भुगा हाताला लागला तर ती उशी अख्खीच काढून टाका. खोळ बदलण्यासाठी घरी कापाकापी करू नका, त्याने भुगा घरभर होतो. नुसती खोळ फाटली असेल तर शिवून घ्या.

मग धूळ. कोरडा झाडू ती उडवतो आणि थोड्या वेळाने ती परत खाली बसते. ओल्या फडक्याने वरून खाली पुसत या, फरशी शेवटी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा हवा, नाहीतर बारीक कण मागून बाहेर पडतात. टीव्ही, संगणक आणि पलंगाखालची जागा विसरू नका.

जेवणाआधी साबणाने हात धुवा. रांगणाऱ्या बाळाचे तर वरचेवर धुवा, कारण त्याचा हात फरशीवरून थेट तोंडात जातो.

काळ्या प्लास्टिकच्या उलथन्यांचं काय? जुन्या उपकरणांचं प्लास्टिक पुनर्वापरात येऊन काही काळ्या वस्तूंत ही रसायनं सापडली आहेत, हे खरं. पण काळ्या प्लास्टिकवरच्या 2024 च्या ज्या अभ्यासाने खळबळ उडवली, त्यात रोजच्या सुरक्षित मर्यादेचा गुणाकार चुकला होता: वजनाच्या दर किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम गुणिले 60 किलोचा माणूस म्हणजे 4,20,000 नॅनोग्रॅम, तिथे 42,000 धरले गेले. म्हणजे ती मर्यादा दहापट कमी दिसली. तरी गरम तेलात मी लाकडी किंवा स्टीलचंच उलथनं घालेन. मात्र त्यासाठी झोप उडवून घेऊ नका, आधी सोफ्याखाली पुसा.

बाद झालेला टीव्ही किंवा वायरी घरी फोडू नका, जाळू तर मुळीच नका. असं प्लास्टिक उघड्यावर जळलं की ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. अख्खी वस्तू अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या आणि देताना विचारा, तांबं काढायला वायरी सोलतात की पेटवतात?