बंद खोलीतली सकाळ

पुरेशी झोप होऊनही रोज सकाळी डोकं जड. शेवटी कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर उशाशी ठेवला. मोकळ्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. पहाटे बंद खोलीत २३०० दिसला! जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या हवेसाठी १००० ची मर्यादा सुचवली होती. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नाही, पण सोडलेला श्वास खोलीत किती साचलाय ते तो सांगतो. एअर प्युरिफायर लावला. आकडा हलला नाही. त्याचा फिल्टर धूळ अडवतो, हा वायू नाही. खिडकी चार बोटं उघडली: १४००. समोरचं दारही किलकिलं केलं, हवेला आरपार वाट मिळाली. पहाटे ८००. तिसऱ्या दिवसापासून डोकं हलकं आहे.